भजनी मंडळाचा शंभर वर्षांचा इतिहास कसा लिहायचा: क्वेकर लोकांच्या वह्यांवरून शिकलेली पद्धत

आमच्या पट्ट्यात, म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, तिकडं हल्याळपर्यंत, बऱ्याच गावांतल्या भजनी मंडळांना आता पंच्याहत्तर, शंभर वर्षं होत आलीत आणि सप्ताहाच्या बैठकीत कुणीतरी म्हणतंच की यंदा स्मरणिका काढूया, मंडळाचा इतिहास लिहूया. मग गावातला एखादा मास्तर किंवा बँकेतून रिटायर झालेला माणूस, त्याच्या गळ्यात हे काम पडतं आणि तो बिचारा महिनाभरात संस्थापकांची नावं, दोन-चार फोटो आणि "मंडळाची वाटचाल" असं एक पान घेऊन प्रेसला जातो. पंच्याहत्तरीला आमच्या गावात तो माणूस मीच होतो. पुस्तक वाटून झालं, चार दिवसांनी गल्लीतली एक म्हातारी पुस्तक हातात घेऊन दारात आली, तिला वाचता येत नव्हतं, नातवाकडनं सगळं वाचून घेतलं होतं तिनं. म्हणाली, "बाळ, ह्यात आमचं मालक कुठं हाईत? चाळीस वर्सं वीणा धरली की रं त्यांनी." मी अध्यक्षांची यादी छापली होती, सेक्रेटरींची छापली होती, खजिनदारांची पण. ते कधीच कशाचे अध्यक्ष नव्हते. म्हणून नाव नाही. ते अजून मनात सलतंय, आणि हे सगळं लिहितोय ते त्याच्यासाठीच, तुमच्या हातून तरी तसं होऊ नये.

पद्धत मला कुठं सापडली ते आधी सांगतो कारण पुढं पुढं तिचाच संदर्भ येणार आहे. लेक इंग्लंडला असते, तिच्याकडं गेलो होतो तेव्हा एका रविवारी जावई सेडबर्ग नावाच्या छोट्या गावाजवळ ब्रिगफ्लॅट्स म्हणून वस्ती आहे तिथं घेऊन गेले. क्वेकर म्हणजे पाद्री न मानणारा एक ख्रिस्ती पंथ, त्या लोकांचं प्रार्थनाघर आहे तिथं, १६७५ ला बांधलेलं. पांढरा चुना मारलेल्या जाड भिंती, आत लाकडी बाकं आणि लाकडी गॅलरी, जिन्याच्या पायथ्याला कुत्र्यांसाठी छोटा कठडा, कारण मेंढपाळ यायचे ते कुत्री घेऊनच यायचे. आजही तिथं सभा भरते. मूर्ती नाही, क्रॉस नाही, पुजारी नाही, गाणं नाही, सगळे तासभर गप्प बसतात आणि कुणाला आतून काही बोलावंसं वाटलं तर उठून बोलतो आणि परत बसतो. आमच्याकडं टाळ-मृदंगाच्या आवाजानं देऊळ भरलेलं असतं, तिथं शांततेनं भरलेलं होतं, पण बसल्या बसल्या मला आपलं एकादशीचं देऊळच आठवत होतं. का ते नंतर कळलं. आपल्या भजनात पण मधे भटजी लागत नाही, शेतकरी, सुतार, शिंपी, ज्याला येतं तो म्हणतो आणि बाकीचे धरतात.

थोडक्यात त्यांचा इतिहास असा. जॉर्ज फॉक्स नावाचा विणकराचा पोरगा, १६५२ ला त्याच भागात फिरत आला, सेडबर्गच्या चर्चच्या आवारात बोलला, मग जवळच्या फरबँक फेल डोंगरावर हजारभर लोकांपुढं बोलला, की देव कळायला मधे पाद्री लागत नाही. स्वार्थमूर हॉलच्या मार्गारेट फेल या बाईंनी त्याला घर उघडून दिलं आणि तिथनं ही चळवळ पसरली. ते स्वतःला फ्रेंड्स म्हणायचे, क्वेकर म्हणजे थरथरणारे हे नाव लोकांनी चिडवायला ठेवलेलं. पुढं त्यांच्या सभा कायद्यानं बंद केल्या, शेकड्यांनी लोक तुरुंगात गेले, १६८९ च्या कायद्यानं थोडी मोकळीक मिळाली. म्हणजे ब्रिगफ्लॅट्सचं घर बांधलं तेव्हा तिथं जमणं हाच गुन्हा होता आणि पुढची चौदा वर्षं तो तसाच राहिला. आपल्या देशात पण आहेत हे लोक, रेचल मेटकाफ नावाची पहिली क्वेकर मिशनरी बाई १८६६ ला बनारसला आली आणि पुढं नर्मदेकाठी होशंगाबादला त्यांचं मोठं काम झालं.

आता मुद्दा. साडेतीनशे वर्षांपूर्वी त्या वस्तीत कोण यायचं, काय ठरलं, हे आज कळतं ते कशावरनं? वह्यांवरनं. त्यांच्यात मतदान होत नाही. एक जण क्लार्क असतो, त्याचं काम एवढंच की सभेचा कल काय आहे ते ओळखून तिथल्या तिथं दोन ओळी लिहायच्या आणि मोठ्यानं वाचून दाखवायच्या, लोक म्हणाले हा शब्द बदला तर बदलायचा आणि सगळे हो म्हणाले की तो ठराव पक्का. घरी जाऊन सावकाश लिहायचं नाही. त्यामुळं त्यांच्या वहीत मोठ्या माणसांची स्तुती कमी आणि काय ठरलं ते जास्त आहे. हेच मला तुम्हाला सांगायचंय. मंडळाचा इतिहास म्हणजे पदाधिकाऱ्यांची यादी नव्हे, मंडळानं वेळोवेळी काय ठरवलं आणि ते कुणी निभावलं, हा इतिहास.

तर सुरुवात कशी करायची. पहिल्या दिवशी लिहायला बसू नका. आधी तीन प्रश्न एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा. ही आयडिया पण त्यांचीच, १६८२ पासून लंडनच्या वार्षिक सभेत प्रत्येक जिल्ह्याला दरवर्षी ठरलेले तेच ते प्रश्न विचारायला लागले: गेल्या वर्षात बोलणाऱ्यांपैकी कोण वारलं, तुरुंगात असताना कोण वारलं, आणि तुमच्याकडं काम कसं चाललंय, आपापसात शांतता आहे का. बस. दरवर्षी तेच प्रश्न म्हणून दरवर्षीची उत्तरं एकापुढं एक लावता येतात. आपण आपल्यासाठी असे धरूया: त्या वर्षी कोण गेलं आणि कोण नवीन आलं, त्या वर्षी मंडळावर काय संकट आलं, आणि आपापसात जमत होतं का. शंभर वर्षांतल्या प्रत्येक वर्षासाठी हेच तीन. निम्म्या वर्षांची उत्तरं मिळणार नाहीत, नाही मिळाली तर राहू देत, पण तिसरा प्रश्न सोडू नका, सगळ्यात जास्त इतिहास त्यातच लपलेला असतो.

मग कागद गोळा करणं. मंडळाची ठराववही असेल तर भाग्य समजा, बहुतेक ठिकाणी नसते, पण हिशेबाची वही असते कारण पैशाचा विषय कुणी सोडत नाही. आमच्याकडं माळ्यावर एका पत्र्याच्या ट्रंकेत रोजकीर्द सापडली, वाळवी लागलेली, निम्मी पानं गेलेली. तिच्यात "गॅसबत्तीचे मेंटल", "रॉकेल", "पखवाज पुडी", "कणीक मळायला" असं लिहिलंय, आणि एका वर्षी अचानक रॉकेल बंद होऊन लाईटबिल सुरू होतं. देवळात लाईट कधी आली हे गावात चार जण चार सालं सांगत होते, वहीनं एका ओळीत सांगितलं. क्वेकरांच्या दंडाच्या नोंदी अशाच आहेत, चर्चचा कर भरला नाही म्हणून कुणाची गाय नेली, कुणाची भांडी नेली, किंमत किती, सगळं लिहिलेलं, लंडनला त्याचे ४४ मोठे ग्रंथ आहेत. लिहिताना त्यांना वाटलं पण नसेल की आपण इतिहास लिहितोय, ते नुकसान लिहीत होते. म्हणून सांगतो, वर्गणीची यादी, पावती पुस्तकांची अर्धुकं, किराणा बिलं, सप्ताहाची पहाऱ्याची यादी, जुनी हँडबिलं, काही फेकू नका. पहाऱ्याची यादी तर सोनं आहे, रात्री दोन ते चार वीणा घेऊन कोण उभं होतं हे दुसऱ्या कुठल्याच कागदावर मिळणार नाही.

फोटो काढताना वही उन्हात धरू नका, खिडकीजवळ सावलीत उजेडात सपाट ठेवा, प्रत्येक पानाचा फोटो, कोरं पान असलं तरी, म्हणजे क्रम चुकत नाही. फाटलेल्या पानाला सेलोटेप अजिबात लावू नका आणि लॅमिनेशन तर नकोच, दोन्हीनं कागद कायमचा जातो. ज्याच्या घरातनं वही आणली त्याला त्याच आठवड्यात परत द्या. आमच्याकडं एकदा असं झालं की एका घरातनं आणलेली जुनी वही कुणाकडं तरी "वाचायला" गेली आणि आजवर परत आली नाही, त्या घरचे लोक अजून माझ्याशी तोंडदेखलं बोलतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

आता सीमाभागाची आपली खास अडचण. आपले कागद एका ठिकाणी नाहीत, एका लिपीत नाहीत, एका राज्यात पण नाहीत. पहिलं हे शोधा की १९४८-४९ च्या आधी तुमचं गाव कुणाच्या ताब्यात होतं. बेळगाव शहर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात, पण लागून असलेलं शहापूर सांगली संस्थानात, आणि रायबागकडचा भाग कोल्हापूर संस्थानात. त्यामुळं देवळाच्या इनामाचा कागद शोधायला बेळगावच्या ऑफिसात वर्षभर चकरा मारून काही मिळत नाही आणि तो बसलेला असतो कोल्हापूरच्या पुरालेखागारात. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण म्हैसूर राज्यात गेलो, १९७३ ला त्याचं नाव कर्नाटक झालं, त्यानंतरचे सरकारी कागद हळूहळू कन्नडमध्ये. त्याच्या आधीचं बाळबोध मराठी, आणि त्याच्या मागं गेलं की मोडी. मंडळाची किंवा देवळाची नोंदणी जुनी असेल तर १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली झालेली असू शकते, नंतरची असेल तर १९६० च्या कर्नाटक सोसायटी कायद्याखाली, दोन्हीकडं बघा. मोडीसाठी स्वतः अंदाज करत बसू नका, वाचणाऱ्या माणसाला दाखवा, आणि कन्नड कागदासाठी गावातलीच कन्नड शाळेत शिकलेली पोरं बोलवा. आमच्या मंडळातल्या एका मुलीनं पंचायतीचे कागद धडाधडा वाचून दाखवले, तिच्या आजोबांचं नाव त्यात निघालं तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

तारखांवर जरा जास्त लिहितो कारण सगळे इथंच घसरतात. शके सालात ७८ मिळवले की इसवी सन, हे सगळ्यांना पाठ असतं, पण ते चैत्रापासनं डिसेंबरपर्यंतच खरं आहे. जानेवारीपासनं फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवायचे. शके १८६८ माघ शुद्ध दशमी म्हणजे १९४७ ची सुरुवात, १९४६ नव्हे. आणि माघवारीच्या नोंदी आपल्याकडं भरपूर, त्यामुळं ही चूक पानोपानी होते. पाटील-कुलकर्ण्यांच्या घरच्या कागदात फसली साल (महसुलाचं जुनं वर्ष) असेल तर ५९० मिळवा, ते मृगाला जूनमध्ये सुरू होतं म्हणून जानेवारी ते मे साठी ५९१. क्वेकरांच्या वह्या वाचणाऱ्यांना पण हाच त्रास आहे. महिन्यांची नावं जुन्या देवदेवतांवरनं आलेली म्हणून ते ती वापरायचेच नाहीत, पहिला महिना, दुसरा महिना असं लिहायचे, आणि १७५२ च्या आधी इंग्लंडात वर्षच २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणून त्यांचा पहिला महिना मार्च आणि "बारावा महिना १६७५" म्हणजे आपल्या हिशेबानं फेब्रुवारी १६७६. म्हणून नियम एकच, कागदावर जसं आहे तसं आधी उतरवा, आपलं गणित शेजारी कंसात.

कागद नसेल तिथं धातू बघा, हे माझं स्वतःचं शोधलेलं आहे. सप्ताहाच्या महाप्रसादाची मोठी पातेली, हंडे, काईल, समया, घंटा, यांच्यावर नावं घातलेली असतात आणि बऱ्याचदा साल पण. चिंचेनं घासून, पिठी लावून पुसलं की अक्षर उठून दिसतं. पेटीच्या आत बनवणाऱ्याचा कागद चिकटवलेला असतो. आमच्या मंडळाचं साल सगळे सांगत होते त्याच्या दहा वर्षं आधीचं साल एका तांब्याच्या हंड्यावर निघालं, "भजनी मंडळास अर्पण" असं लिहिलेलं. आणि दुसरं, लग्नातल्या आहेराच्या वह्या. मंडळातल्या जुन्या घरांत विचारा. त्या वहीत गावातलं कोण कोण हजर होतं त्याची आपोआप यादी असते. क्वेकरांच्या लग्नाच्या दाखल्यावर तिथं हजर असलेले सगळे सह्या करतात, बायका, पोरं सुद्धा, आणि आज अभ्यास करणारे त्या सह्यांवरनं त्या दिवशी सभेत कोण कोण होतं ते काढतात. आपली आहेराची वही त्याच कामाची.

मग म्हाताऱ्या माणसांकडं जा, आणि खरं तर कागदाच्या आधी तिथं जा, कारण कागद दोन वर्षं थांबेल, माणूस थांबेलच असं नाही. "आबा, मंडळाचा इतिहास सांगा" असं म्हणू नका. ते घाबरतात, सावरून बसतात, आणि भाषणात ऐकलेलंच परत सांगतात. त्याच्याऐवजी विचारा, आबा, सप्ताहाचं जेवण कुठं शिजायचं? पाणी कुठल्या विहिरीचं? गॅसबत्ती कुणाची आणायचा? पंढरीला जाताना बैलगाडी कुणाची होती, मुक्काम कुठं कुठं पडायचा? पहिला अभंग कुठला घ्यायचे आणि तो कुणाच्या चालीत? चाल विचारली की माणूस गाऊन दाखवतो, आणि गाता गाता ज्याच्याकडनं ती शिकला त्याचं नाव येतं. मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू आहे हे आधी सांगा, चोरून करू नका. दोन जण एकत्र बसवले तर एकमेकांना दुरुस्त करतात, ते फार चांगलं, पण एकदा एकट्याला पण भेटा कारण काही गोष्टी चौघांत निघत नाहीत.

साल विचारलं की चुकतंच. त्यापेक्षा मोठ्या घटनेला बांधून विचारा. मानमोडीच्या साथीच्या आधी का नंतर (१९१८ चा इन्फ्लुएंझा), हे तर आता आजीकडनं ऐकलेलंच सांगणार. बेळगावला गांधीजी अध्यक्ष होऊन काँग्रेस भरली ती डिसेंबर १९२४, टिळकवाडीतली काँग्रेसची विहीर अजून आहे, कितीतरी घरांत आजोबा ते बघायला चालत गेले होते. म्हैसूर राज्यात गेलो त्याच्या आधी की नंतर. कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, भांडी मांडणीवरनं पडली ते सगळ्यांना आठवतं. बहात्तरचा दुष्काळ. २००५ चा पूर, २०१९ चा पूर. असं विचारलं की माणूस स्वतःच म्हणतो, "थांब, भूकंपाच्या वर्सी वीणा नवी आली हुती, मिरजेहून," आणि एक तारीख पक्की होते.

बायकांकडं वेगळं जा. आमच्या पंच्याहत्तरीच्या पुस्तकात एका पण बाईचं नाव नव्हतं, आणि शिधा गोळा करणं, दळण, पहाटेचा सडा, काकड्याला दिवे, सगळं त्यांचं. क्वेकरांत बायकांच्या सभा दोन शतकांहून जास्त वेगळ्या भरायच्या आणि त्यांची स्वतःची वही असायची, स्वतःचा क्लार्क. त्यामुळं गरीब घराला किती मदत दिली, कुठल्या विधवेला कापड दिलं, हे बायकांच्या वहीत सापडतं, पुरुषांच्या वहीत नाही. आपल्याकडं बायकांची वही नाही, पण त्यांच्या लक्षात घराघराचा हिशेब आहे. दुपारी दोन-तीनच्या सुमारास जा, शेंगा फोडत नाहीतर तांदूळ निवडत बसलेल्या असतात तेव्हा, आणि जाताना घरातली एखादी बाई बरोबर घ्या, नुसत्या पुरुषानं वही-पेन घेऊन बसलं की त्या "आम्हाला काय कळतंय" म्हणून उठतात. माझी बायको बरोबर आली त्या दिवशी चार तासांत जेवढं मिळालं तेवढं मला आधी चार महिन्यांत मिळालं नव्हतं.

आता सगळ्यात अवघड भाग, आणि इथं कृपा करून मागं सरू नका. मंडळाचं जे चुकलं ते पण लिहायचं. १६८८ ला अमेरिकेत जर्मनटाऊन इथं चार क्वेकरांनी कागद लिहिला की माणूस विकत घेणं हे पाप आहे, आणि आपलेच लोक ते करतायत. तो कागद मासिक सभेत गेला, त्यांनी म्हटलं विषय फार मोठा आहे, वर पाठवा, त्यांच्या वरच्यांनी तेच केलं आणि वार्षिक सभेनं पण निर्णय दिला नाही. फिलाडेल्फियाच्या सभेनं सभासदांना गुलाम ठेवायला पूर्ण बंदी केली ती १७७६ ला, म्हणजे ८८ वर्षांनी. पण आम्ही तेव्हा निर्णय दिला नाही, हे सुद्धा त्यांनी वहीत लिहून ठेवलं. म्हणून आज कुणालाही ते दाखवता येतं.

आपल्याकडं हाच प्रश्न पंगतीचा आहे. कुणाची पंगत वेगळी बसायची, कुणाला देवळाच्या पायरीखाली उभं राहून भजन ऐकावं लागायचं, पाणी कोण वरनं ओतायचं. पंढरपूरचं देऊळ सगळ्यांना उघडलं ते साने गुरुजींच्या मे १९४७ च्या उपोषणानंतर. तुमच्या गावचं देऊळ कधी उघडलं? पंगत एक कधी झाली? हे साल शोधा, आणि विचारताना ज्यांना बाहेर बसवलं होतं त्यांच्या घरी जाऊन विचारा, ज्यांनी बसवलं त्यांच्याकडं नव्हे, त्यांना "आमच्याकडं तसं कधी नव्हतंच" असंच आठवतं. मी गेलो तेव्हा एका काकांनी आधी बोलायलाच नकार दिला, तिसऱ्यांदा गेलो तेव्हा म्हणाले, "मी भायेर उभा राहून सगळा हरिपाठ पाठ केला, आत आलो तवा पुस्तक लागलं न्हाई." हे वाक्य आमच्या नव्या पुस्तकात पहिल्या पानावर घ्यायचं ठरलंय. त्यांना विचारून. नाव न घालता, कारण त्यांनी तसं सांगितलं.

भांडणाचं पण तसंच. बऱ्याच गावांत एका मंडळाची दोन झालेली असतात, जागेवरनं, हिशेबावरनं, नाहीतर निवडणुकीवरनं, आणि दोन्हीकडं म्हणतात आमचंच जुनं. क्वेकरांत १८२७ ला फिलाडेल्फियात मोठी फूट पडली, दोन वेगळ्या सभा, दोन वेगळ्या वह्या, दोन्ही म्हणायच्या आम्हीच खरे, आणि परत एक झाल्या १९५५ ला. इतका वेळ लागला. पण दोन्हीकडच्या वह्या जपल्या म्हणून आज दोन्ही बाजू वाचता येतात. तुम्ही न्यायाधीश होऊ नका. दोन्ही बाजूंच्या माणसांना भेटा, दोघांचं म्हणणं दोन परिच्छेदांत त्यांच्याच शब्दांत लिहा, दोघांना वाचून दाखवा. फुटीच्या आधीची वर्षं दोघांची सामाईक, हे मात्र ठामपणे लिहा.

लिहायची वेळ आली की "थोर परंपरा", "अखंड सेवा", "निःस्वार्थ" असले शब्द बाजूला ठेवा, ते लिहिले की पुढं लिहायचं काही राहत नाही. प्रत्येक नोंद ठरावासारखी लिहा. आमच्या वहीतली एक देतो, जरा नीट करून:

"१९७३, चैत्र. आदला पाऊस गेलेला. सप्ताह करायचा की नाही यावर तीन रात्री बसले. दोन घरांचं म्हणणं, देवाचं काम अर्धं नको. शेवटी ठरलं: सप्ताह करायचा, पंगत नाही, चुरमुरे आणि गूळ. पट्टीचा गोळा झालेला जोंधळा नडलेल्या घरांना. वाटप तिघा जणांनी रात्री केलं, कुणाला काय दिलं ते लिहिलेलं नाही."

बघा, यात कुणाचं कौतुक नाही, पण वाचणाऱ्याला सगळं कळतं. "ते लिहिलेलं नाही" हे पण लिहा. आणि पुस्तकात जे कागदावरनं आलं आणि जे आठवणीतनं आलं ते वेगळं कळू दे, "वहीत आहे" आणि "सांगतात" एवढे दोन शब्द वापरले तरी पुरे. माणूस वारला असेल तर त्याच्यावर चार-पाच ओळी, तो काय करायचा याच्यावर, काय होता याच्यावर नव्हे. क्वेकर गेलेल्या माणसासाठी असा मजकूर सभेत वाचून मान्य करतात. त्यांच्यात बराच काळ थडग्यावर दगड सुद्धा लावायचे नाहीत, १८५० पासनं परवानगी मिळाली ती पण साध्या, सगळ्यांच्या सारख्याच दगडांना. आमच्या म्हातारीच्या मालकांसाठी मी लिहिलंय: थंडीत सुद्धा वीणा घेताना पायात काही घालत नव्हते, पहाऱ्याला कुणी आलं नाही तर न बोलता दुसरा पहारा करायचे, वीणा खाली ठेवलेली त्यांना कुणी बघितली नाही.

मसुदा झाला की प्रेसला नाही, देवळात न्या. एकादशीला भजन झाल्यावर एक एक प्रकरण मोठ्यानं वाचा, रात्रीचे अकरा वाजतील, वाजू देत. लोक मधेच थांबवतात, "नव्हं, ते त्या साली नव्हं," "त्यात आमच्या मामाचं राहिलं." तिथल्या तिथं समासात लिहून घ्या आणि दुरुस्त वाक्य परत वाचा, सगळे गप्प राहून मान हलवेपर्यंत. आमची सात प्रकरणं चार महिन्यांत वाचून झाली, नऊ नावं नवीन आली आणि एक सबंध गोष्ट खोटी निघाली जी मी मोठ्या प्रेमानं लिहिली होती. ती काढली. एखाद्या घराला नको असलेली खाजगी गोष्ट असेल, कर्ज, आजारपण, घरातलं भांडण, ती पण काढा, तिच्याशिवाय मंडळाचा इतिहास अडत नाही. पंगतीची गोष्ट मात्र कुणी कितीही सांगितलं तरी काढू नका.

पुस्तक मराठीत करा पण शेवटी दहा-बारा पानं कन्नडमध्ये सारांश घाला. नातवंडं कन्नड नाहीतर इंग्लिश मीडियमला आहेत, मराठी बोलतात, वाचताना अडखळतात, आणि मंडळात कन्नड बोलणारी घरं पण आहेत जी तुकोबांचा अभंग आणि पुरंदरदासांचं पद दोन्ही त्याच पेटीवर म्हणतात, त्यांचा पण हा इतिहास आहे. गावांची, आडनावांची नावं दोन्ही लिप्यांत एकदा नीट बघून घ्या, कन्नडमधून परत मराठीत येताना आडनाव पार बदलून जातं.

मूळ वह्या एकाच घरात ठेवू नका. १८४० ला इंग्लंडच्या क्वेकरांनी जन्म, लग्न, मृत्यूच्या जुन्या मूळ वह्या सरकारी निबंधकाकडं जमा केल्या, पण देण्याआधी सगळ्यांचा गोषवारा उतरवून स्वतःकडं ठेवला. आपण फोटोंचा एक पेनड्राईव्ह देवळाच्या कपाटात, एक गावाबाहेर राहणाऱ्या माणसाकडं, एक गुगल ड्राईव्हवर, आणि छापलेल्या पुस्तकाच्या प्रती बेळगावच्या वाचनालयांना, एखादी कोल्हापूरला. मूळ वह्या कोऱ्या सुती कापडात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत, जमिनीपासून वर, दर पावसाळ्यानंतर एकदा उघडून सावलीत वारा द्यायचा आणि वाळवी बघायची.

आणि पुस्तक छापायला गेलं त्याच आठवड्यात नवीन वही सुरू करा. लांब, जाड पुठ्ठ्याची, बॉलपेन दोऱ्यानं बांधलेलं, जाग्यावरनं हलणार नाही असं. आमची देवळात वीणेच्या खुंटीखाली ठेवलीय. पहिल्या पानावर ते तीन प्रश्न, आणि दर कार्तिकी एकादशीला उत्तरं लिहून तिथंच वाचायची असं ठरलंय. पहिली नोंद एका पोरीनं लिहिली, बारावीतली, तीच जिनं कन्नड कागद वाचले होते. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात तिनं लिहिलं, "जमतं, पण स्पीकरच्या आवाजावरनं दोनदा वाद झाला." एक-दोघं म्हणाले हे कशाला, काढ. बराच वेळ कुणी काही बोललं नाही, मग आमच्या विणेकऱ्यांनी मान हलवली आणि ते वाक्य तसंच राहिलं.